रेंज फुल्ल, तरी लाइन बंद: कारखान्यातल्या खासगी वायरलेसमध्ये या चुका टाळा

"साहेब, एजीव्ही परत उभी राहिलीय. रेंज तर फुल्ल दाखवतेय."

रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याचा हा फोन मला इतक्या वेळा आलाय की, पलीकडून आवाज आला की वाक्य मीच पूर्ण करू शकतो. एजीव्ही म्हणजे कारखान्यात माल वाहणारी, चालक नसलेली गाडी. २०२२च्या अखेरीस एअरटेल आणि टेक महिंद्रानं महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यात खासगी ५जी उभं केलं. तेव्हापासून आसपासच्या कारखान्यांतूनही विचारणा वाढली आहे. वाय-फाय असो, खासगी एलटीई (४जी) असो की ५जी, बंद पडण्याची कारणं मात्र फिरून तीच असतात, आणि त्यातली फार थोडी रेंजची असतात.

सरासरी पाहून खूश होणं

कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा सुरू करून ताब्यात देण्याच्या दिवशी लॅपटॉपवरून चार पिंग (पोचलं का, हे विचारणारी छोटी पाकिटं) मारतात, सरासरी १२ मिलिसेकंद येते, सगळे माना डोलावतात आणि सही होते. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी सही हीच.

पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरला, सरासरीशी काही देणंघेणं नसतं. प्रॉफिनेट या कारखान्यातल्या नेटवर्कवर रिमोट आयओचा (सेन्सर-मोटारींना पीएलसीशी जोडणाऱ्या दूरच्या डब्याचा) अपडेट टाइम २ मिलिसेकंद असेल आणि वॉचडॉग (वाट पाहण्याची मर्यादा) तीन सायकलचा असेल, तर ६ मिलिसेकंद डेटा आला नाही की पीएलसी त्या आयओला मेलेला समजतो. केबलवर हे आकडे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. तोच प्रोजेक्ट जसाच्या तसा वायरलेसवर टाकला की दिवसातून दहा वेळा ट्रिप होतो.

मी असं करतो: एक लिनक्स लॅपटॉप थेट एजीव्हीवर बांधतो, दर २० मिलिसेकंदाला एक पिंग सोडतो आणि पूर्ण शिफ्ट चालू ठेवतो. आठ तासांत १४ लाख ४० हजार पिंग होतात. त्यातले ९९.९ टक्के वेळेत आले, तरी १,४४० उशिरा आले किंवा आलेच नाहीत. आता त्या उशिरा आलेल्यांची यादी उघडायची आणि एकच प्रश्न विचारायचा: सलग सर्वात मोठी खिंड, म्हणजे काहीच न आलेला काळ, किती? ती ८० मिलिसेकंद निघाली, तर अपडेट टाइम ३२ किंवा ६४ ठेवा, म्हणजे वॉचडॉग ९६ किंवा १९२ होईल. खिंड ४०० निघाली, तर आकडे वाढवत बसू नका, आधी नेटवर्क दुरुस्त करा.

सेफ्टीच्या बाबतीत मी हात जोडून सांगतो. प्रॉफिसेफचा (प्रॉफिनेटवरच्या सेफ्टी संदेशांचा) मॉनिटरिंग टाइम बऱ्याच ठिकाणी मुळात १५० मिलिसेकंद असतो. ट्रिप थांबावी म्हणून कुणीतरी तो गुपचूप ५०० करतो. सेकंदाला दीड मीटर वेगानं जाणारी एजीव्ही त्या वाढीव ३५० मिलिसेकंदांत अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जाते, आणि समोर कुणाचा तरी पाय असू शकतो. हा आकडा बदलायचा असेल, तर थांबण्याच्या अंतराचा हिशोब नव्यानं करून, सेफ्टी बघणाऱ्या माणसाची सही घेऊनच बदला.

रिकाम्या शेडमध्ये सर्व्हे

सर्व्हे नेहमी प्रोजेक्टच्या सुरुवातीला होतो, म्हणजे शेड मोकळी असताना. मग रॅक लागतात, रॅकवर स्टीलच्या कॉइल किंवा डायकास्टिंगच्या बिन चढतात, आणि सर्व्हेच्या नकाशातली हिरवी जागा काळवंडते. एका गोदामात दर महिन्याच्या २५ तारखेनंतर स्कॅनर लटकायचे. आठवडाभर आम्ही सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो. शेवटी स्टोअरच्या माणसानंच सांगितलं की महिनाअखेरीस डिस्पॅच साठतो आणि सहावा थरही भरतो. भरलेला सहावा थर बरोबर वाय-फाय देणाऱ्या ॲक्सेस पॉइंटच्या उंचीला येत होता.

उंचीची दुसरीही एक गोष्ट आहे. सर्व्हे करणारा मीटर छातीपाशी धरून चालतो. एजीव्हीचा अँटेना जमिनीपासून वीतभर, फार तर दोन वीत वर असतो आणि दोन्ही बाजूंना लोखंड असतं. सर्व्हे त्याच उंचीवर, भरलेल्या रॅकमध्ये, फोर्कलिफ्ट चालू असतानाच करा. मोनोरेलसारखा ठरलेल्या मार्गावरून फिरणारा कन्व्हेयर असेल, तर ॲक्सेस पॉइंटची संख्या वाढवण्यापेक्षा मार्गालगत लीकी केबल (जिच्या पूर्ण लांबीतून सिग्नल झिरपतो) टाकणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

जुन्या ॲक्सेस पॉइंटला चिकटलेली गाडी

वाय-फायमध्ये कधी सोडायचं आणि कुणाला धरायचं, हे ॲक्सेस पॉइंट ठरवत नाही, क्लायंट (गाडीवरचा वाय-फाय रेडिओ) ठरवतो. बऱ्याच क्लायंटची सवय अशी की पहिल्याचा सिग्नल पार मरेपर्यंत तो सोडत नाहीत. गाडी दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटच्या अगदी खाली उभी, आणि बोलतेय मात्र ६० मीटर मागच्याशी. शेवटी सोडते तेव्हा सगळी ओळखपरेड पहिल्यापासून होते, त्यात सेकंदभर सहज जातो.

क्लायंटच्या सेटिंगमध्ये रोमिंगची मर्यादा (सिग्नल किती पडला की ॲक्सेस पॉइंट बदलायचा) उणे ७० डीबीएमच्या आसपास ठेवा, स्कॅनचे चॅनेल तीन-चारच द्या आणि ८०२.११आर (ॲक्सेस पॉइंट झटपट बदलण्याची सोय) दोन्हीकडे चालू आहे का ते बघा. दोन्हीकडे म्हणजे दोन्हीकडे. ॲक्सेस पॉइंटवर चालू आणि क्लायंटला येतच नाही, अशी जोडी मी अनेकदा पाहिली आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनेल फिरत्या यंत्रांसाठी टाळा. रडारसारखं काही जाणवलं की ॲक्सेस पॉइंट चॅनेल सोडून पळतो, आणि त्या भागातल्या सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहतात.

"आयओ चालतंय, पण प्रोग्रॅम डाउनलोड होत नाही"

ही तक्रार आली की मी आधी टनेल बघतो. प्रॉफिनेटचा रिअल-टाइम डेटा आयपीवर चालत नाही, तो थेट इथरनेट फ्रेममध्ये जातो. एलटीई आणि बहुतेक ५जी राउटर मात्र फक्त आयपी ओळखतात. त्यामुळे मध्ये व्हीएक्सलॅनसारखं टनेल (पूर्ण फ्रेम आयपीच्या पाकिटात गुंडाळून नेणारी वाट) टाकावं लागतं. हे आधी कुणी सांगत नाही आणि ट्रायलच्या दिवशी लक्षात येतं.

टनेल टाकलं की प्रत्येक पाकिटावर ५० बाइटचं वेष्टण चढतं. आयओची पाकिटं लहान असतात, ती आरामात जातात. साधा पिंगही जातो. १,५०० बाइटचं भरलेलं पाकीट मात्र वाटेत कुठेतरी गळतं, आणि डाउनलोड ४० टक्क्यांवर लटकतं. तपासायला दोन मिनिटं पुरतात: पिंगचा आकार १,४७२ बाइट द्या, तुकडे न करण्याचा पर्याय लावा आणि उत्तर येईपर्यंत आकार कमी करत जा. जिथे उत्तर आलं, त्यात २८ मिळवून येणारी मर्यादा दोन्ही टोकांच्या यंत्रांना द्या, किंवा मधल्या स्विच-राउटरवरच एमटीयू (पाकिटाच्या आकाराची मर्यादा) वाढवून घ्या.

५जी घेतलं, पण वर जायला जागाच नाही

आपण मोबाइलवर व्हिडिओ बघतो, म्हणजे डेटा खाली येतो. सार्वजनिक नेटवर्कची रचना त्यासाठीच असते: पाच स्लॉटपैकी (वेळेच्या तुकड्यांपैकी) तीन खाली येण्यासाठी, एक मिश्र, आणि वर जायला एकच. कारखान्यात उलटं असतं. तपासणीचे कॅमेरे आणि सेन्सर सगळं वर पाठवतात. आठ कॅमेरे लावून झाल्यावर नव्हे, ऑर्डर देण्याआधीच अपलिंक किती एमबीपीएस लागणार ते लिहून द्या. स्लॉटची वाटणी नंतर आपल्या मर्जीनं बदलता येत नाही, कारण शेजारच्या ऑपरेटरच्या वाटणीशी ती जुळली नाही तर दोघांचाही सिग्नल बिघडतो.

त्याच कारणानं बेस स्टेशनांची घड्याळंही एकाच प्रमाण वेळेशी दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागतात. हे घड्याळ छपरावरच्या जीपीएस अँटेनातून येतं. कोकणात किंवा मावळात पहिला जोरदार पाऊस झाला की त्या अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. गंमत म्हणजे काहीच लगेच बंद पडत नाही. आतलं घड्याळ काही तास तग धरतं आणि बेस स्टेशन पहाटे, पाऊस थांबल्यावर बंद पडतं. मग पावसाचा संशयही कुणाला येत नाही. कनेक्टरला सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेप नीट ताणून गुंडाळा, केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या आणि मे महिन्यात एकदा शिडी लावून बघाच.

लहान दिसणाऱ्या चुका

वाय-फायच्या अँटेनाचा कनेक्टर आणि सेल्युलरचा कनेक्टर बाहेरून सारखे दिसतात, आटेही बसतात. पण एकात मधली पिन असते, एकात नसते. चुकीची जोडी लावली की आटे घट्ट बसतात, सिग्नल मात्र जेमतेम येतो. हातात घेऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लावू नका.

राउटर पॅनेलमध्ये आणि अँटेना छतावर, मध्ये दहा मीटर साधी आरजी-५८ केबल. २.४ गिगाहर्ट्झला त्यात साधारण दहा डेसिबल जातात, म्हणजे दहातला एकच हिस्सा पोचतो. राउटर अँटेनाजवळ न्या आणि मधलं अंतर इथरनेटनं कापा.

वेल्डिंगला उगाच दोष देऊ नका. आर्कचा गोंधळ मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. त्यानं वायरलेस बिघडतंय असं वाटतं, तेव्हा बहुधा २४ व्होल्टचा सप्लाय डुगडुगत असतो किंवा अर्थिंग सुटलेलं असतं.

परवान्याचंही थोडक्यात. जर्मनीत २०१९पासून कारखान्याला ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ स्थानिक वापरासाठी थेट मिळतं. मूळ कंपनीनं तिथली यादी पाठवली म्हणून तेच बेस स्टेशन इथे लावता येत नाही. आपल्याकडे दूरसंचार विभागानं जून २०२२मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि व्यवहारात ऑपरेटरला सोबत घेऊनच जावं लागतं. फ्रिक्वेन्सी आधी ठरवा, सामान नंतर मागवा.

आणि आज रात्रीच लाइन उभी राहिली, तर कशालाही रीस्टार्ट करण्याआधी पीएलसीचा डायग्नोस्टिक बफर (त्याची घटनांची नोंद), राउटरचा लॉग आणि ॲक्सेस पॉइंटचा लॉग उतरवून घ्या. तिन्हींची वेळ एकाच एनटीपी (घड्याळं जुळवणाऱ्या) सर्व्हरवरून येते का, ते बघा. एकाचं घड्याळ चार मिनिटं पुढे आणि दुसऱ्याचं, कधी लावलंच नसल्यामुळे, १९७०मध्ये असेल, तर आधी काय घडलं आणि मग काय, हे कुणालाच सांगता येणार नाही.