बारावीनंतर साउंड आणि म्युझिक प्रॉडक्शन: कोर्स कसा निवडायचा, हात कसा बसवायचा

कोर्स बघायला जाल तेव्हा स्टुडिओच्या बुकिंगची वही मागा. चकचकीत कंट्रोल रूम सगळेच दाखवतात. त्या खोलीत मुलं स्वतः किती वेळ बसतात, ते वहीत कळतं. हिशोब सोपा आहे. २४ मुलांची बॅच, एकच कंट्रोल रूम आणि आठवड्यातून दोनदा तीन-तीन तासांचं प्रॅक्टिकल असेल, तर माणशी आठवड्याला १५ मिनिटं येतात. वर्षात ४० आठवडे धरले तरी दहा तास. एवढ्यात माइक लावण्याचा अंदाजसुद्धा येत नाही. म्हणून थेट विचारा: लेक्चर संपल्यावर स्टुडिओ मुलांना मिळतो का, रात्री किती वाजेपर्यंत, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का? मागच्या बॅचच्या दोन मुलांना गेटबाहेर गाठून हेच विचारा आणि दोन्ही उत्तरं ताडून बघा.

मुंबईत ढोबळमानाने तीन प्रकार आहेत: पदवी, एक-दोन वर्षांचा डिप्लोमा आणि तीन-सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स. पदवी म्हणून विकला जाणारा कोर्स कोणत्या विद्यापीठाचा आहे ते लेखी घ्या आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, ते प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तपासा. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज हवं असेल तर ही पायरी मुळीच चुकवू नका. खाजगी डिप्लोमा चांगला असू शकतो, पण त्याने तुम्ही पदवीधर होत नाही. पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या फिल्म शिकवणाऱ्या संस्थांमधल्या तीन वर्षांच्या साउंडच्या कोर्सला पदवी लागते. त्यामुळे आमचा सल्ला असा: डिप्लोमा करणार असाल तर सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम चालू ठेवा. घरच्यांची काळजीही कमी होते आणि पुढचं दार उघडं राहतं.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये, पण अकरावीच्या फिजिक्समधला ध्वनिलहरींचा धडा आणि लॉगॅरिदम एवढं बसून करावं. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल, पॉवर दुप्पट झाली की ३ डेसिबल, हे का, ते स्वतः मांडता आलं पाहिजे. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा वगैरे झालेली असेल तर तुम्ही कानाने बरेच पुढे आहात. गायकाचा स्वर उतरला हे तुम्हाला ग्राफ न बघता कळतं.

निकाल ते कॉलेज सुरू होणं या मधल्या काळात कानाची तालीम सुरू करा. रोज १५ मिनिटं पुरेत. एखाद्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग ‘शूऽऽ’ आवाज) लावा, इक्वलायझरने १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झपैकी एक पट्टा १२ डेसिबलने वर करा आणि मित्राला न बघता ओळखायला सांगा. मग अदलाबदल. २५० ला आवाज गढूळ होतो, ५०० ला डब्यातून आल्यासारखा, ३०००-४००० च्या आसपास टोचायला लागतो, ८००० ला स-श सुटतात. दहापैकी नऊ बरोबर यायला लागले की ६ डेसिबलवर या, मग ३ वर, आणि नॉइज सोडून गाणं लावा. सॉफ्टवेअर कोणतं, यावर वाद घालत बसू नका. रीपर ६० दिवस फुकट, पूर्ण चालतं आणि शिकायला उत्तम आहे. फिल्मच्या पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या साउंडमध्ये, काम करायचं असेल तर प्रो टूल्स कधीतरी शिकावंच लागेल. लॉजिक विंडोजवर चालत नाही, एवढं लॅपटॉप घेताना लक्षात ठेवा.

सामान कमी घ्या. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर, बंद कपांचा हेडफोन. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे इंटरफेसमधून केबलने येणारी वीज, लागतो. आवाज येत नाही म्हणून माइक परत करायला निघण्याआधी ते बटण दाबलंय का बघा. मुंबईच्या पावसाळ्यात कंडेन्सर स्टँडवर उघडा ठेवू नका. कॅप्सूलवर दमट हवा बसली की चरचर आणि फटफट ऐकू येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. मोठे स्पीकर पहिल्या वर्षी नकोत. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास बास एका जागी फुगतो, दुसऱ्या जागी गायब होतो, आणि त्यावर विसंबून केलेलं मिक्स बाहेर भलतंच वाजतं. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून बासला काही होत नाही. चार इंच जाड रॉकवूलचे पॅनल कोपऱ्यांत लावले तर फरक पडतो.

केबल मात्र स्वतः बनवा. लॅमिंग्टन रोडवरून एक्सएलआरचे (माइकच्या केबलचे तीन पिनांचे) दोन कनेक्टर, शील्ड असलेली दोन तारांची माइक केबल, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर आणा. पिन १ ला शील्ड, २ ला एक तार, ३ ला दुसरी, आणि दोन्ही टोकांना तसंच. सोल्डर करण्याआधी कनेक्टरचं मागचं आवरण तारेत ओवायला विसरू नका, नाहीतर सगळं पुन्हा उकलावं लागतं. एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल झाली तर केबल चालते, आवाजही येतो. पण दोन माइक एकत्र वाजवले की डग्ग्याचा घुमार गळून जातो, आणि नवखा माणूस मग माइकची जागा बदलत बसतो. प्रत्येक केबल मल्टिमीटरने पिनमागून पिन तपासा.

घरगुती रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर अर्थिंगचा लूप आहे: सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणीही देवो, ऐकू नका. त्याने शॉक लागतो.

प्रवेशाच्या मुलाखतीला तयार लूप रचून केलेले ट्रॅक ढिगाने येतात. खऱ्या वाद्याचं एक नीट रेकॉर्डिंग त्यात उठून दिसतं. ओळखीचा तबलजी गाठा. लादीवर सतरंजी दुपदरी अंथरा, पंखा आणि एसी बंद करा, कबुतरं गॅलरीत घुमत नसतील अशी वेळ निवडा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर, रात्री साडेदहानंतर, बरं जमतं. पंखा बंद म्हणजे घाम, म्हणून टेक पाच-पाच मिनिटांचे घ्या. एक माइक तबल्याच्या चाटेकडे, दुसरा डग्ग्याकडे, दोन्ही साधारण ३० सेंटिमीटर वर, हाताच्या आड येणार नाहीत असे. दोघांमधलं अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या तिप्पट ठेवता आलं तर उत्तम. जमलं नाही तर एकाच माइकने घ्या, लाज वाटू देऊ नका. कारण एकच आवाज दुसऱ्या माइकला ३४ सेंटिमीटर लांबून पोचला की एक मिलिसेकंद उशीर होतो, आणि दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झजवळ खड्डा पडतो. तबला कोणत्या पट्टीत लावलाय ते फाइलच्या नावातच लिहा: ‘तबला_काळीएक_७२लय_टेक३’.

लेव्हल २४ बिटमध्ये सरासरी −१८ डेसिबलच्या आसपास ठेवा, सगळ्यात जोराची थाप −६ च्या वर जाऊ देऊ नका. एकदा वरचं टोक कापलं गेलं की कोणतंही प्लगइन ते खरं परत आणत नाही. व्हिडिओसाठी असेल तर ४८००० चा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा). ४४१०० ची फाइल न बदलता ४८००० च्या सेशनमध्ये टाकली तर ती जवळपास नऊ टक्के वेगाने पळते आणि काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं. ‘गायक बेसूर वाटतोय’ अशी तक्रार आली की आधी हा आकडा बघा. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो असं वाटत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज किती साठवून पुढे द्यायचा तो आकडा) १२८ वर आणा, मिक्स करताना पुन्हा १०२४ करा.

सेशनचं बॅकअप रोज दोन ठिकाणी. ४८००० आणि २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. २० ट्रॅक, चार मिनिटं म्हणजे ७०० एमबीच्या आतबाहेर. पेनड्राइव्हवर काम करू नका, तिथून कॉपी करून घ्या.

कॉलेज सुरू झाल्यावर अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंत असिस्टंट म्हणून जायची सगळ्यांना घाई असते. जा, पण त्याआधी नाटकाच्या साउंडवाल्यासोबत एक सीझन काढा. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथमध्ये प्रयोगाआधी मिळालेल्या वेळात माइक लावणं, शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी शोधून कापणं आणि पहिल्या वाक्याला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर असणं, हे स्टुडिओत कोणी शिकवत नाही. तिथे पुन्हा टेक घेता येत नाही, म्हणून हात लवकर तयार होतो. पैसे थोडे, पण तारखा भरपूर.

स्वतः चाल बांधत असाल तर एक कागदी काम पहिल्याच वर्षी करा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या बदलानंतर सिनेमातल्या गाण्याच्या संगीतकाराचा आणि गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात सहीने काढून घेता येत नाही. ती रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या. पण प्रोग्रामर (गाण्याचे ट्रॅक संगणकावर रचणारा) किंवा मिक्स करणारा म्हणून फक्त नाव असेल, तर त्या हक्काने तुम्हाला काही मिळत नाही. मुखड्याची चाल तुमची असेल तर संगीतकार म्हणून तुमचा वाटा किती टक्के, हे फायनल मिक्स पाठवण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा चालणार नाही, समोरच्याचं पूर्ण वाक्यात उत्तर हवं.