यूकाममध्ये शिकायला जाताय? पहिले दोन आठवडे गप्प बसू नका

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं मॉन्ट्रियल म्हटलं की आपल्याकडे मॅकगिल आणि कॉन्कॉर्डियाची नावं निघतात. दोन्ही इंग्रजी माध्यमाची. फ्रेंचमधून शिकायचं पक्कं असेल तर शहरात दोन मोठे पर्याय आहेत: डोंगराच्या अंगावर बसलेलं, १८७८ पासूनचं मॉन्ट्रियल विद्यापीठ, आणि ऐन गावात, मेट्रोच्या डोक्यावर उभं असलेलं यूकाम, म्हणजे क्वेबेक विद्यापीठाची मॉन्ट्रियल शाखा. हे सगळं दुसऱ्याबद्दल आहे.

यूकाम १९६९ साली सुरू झालं. सेंत-मारी कॉलेज, शहराची ललित कला शाळा आणि काही शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयं एकत्र करून सरकारनं ते उभं केलं. ज्यांच्या घरात आधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं, अशा फ्रेंच भाषक मुलांना उच्च शिक्षण मिळावं हा त्यामागचा हेतू होता. तो आजही वेळापत्रकात दिसतो. तासांचे तीन ठोकळे असतात: सकाळी साडेनऊ ते साडेबारा, दुपारी दोन ते पाच आणि संध्याकाळी सहा ते नऊ. रात्रीच्या वर्गात तुमच्या शेजारी दिवसभर नोकरी करून आलेली, दोन मुलांची आई बसलेली असू शकते. वर्ग असा मिश्र वयाचा असला की चर्चा चांगली होते, हे माझं ठाम मत.

इमारतींची गोष्ट थोडक्यात. बेरी-यूकाम मेट्रो स्थानकात तीन मार्ग मिळतात आणि तिथून मुख्य इमारतींत आतल्या आतच जाता येतं, थंडीत कोट न चढवता. खोलीचा क्रमांक आधी वाचायला शिका. जे म्हणजे ज्युदित-जास्मॅं, ए म्हणजे उबेर-आकॅं. त्यानंतर एम आला तर मेट्रोचा मजला आणि आर आला तर तळमजला. ज्युदित-जास्मॅंला सॅं-जाक चर्चचा जुना मनोरा आणि दर्शनी भिंत जोडलेली आहे, म्हणून सॅं-दनी रस्त्यावरून ती इमारत लांबूनही ओळखू येते. पीके लिहिलेलं दिसलं तर मात्र सावध. ती इमारत विज्ञान संकुलात आहे, हिरव्या मार्गावर दोन स्थानकं पश्चिमेला, प्लास-देझार्टला. पाचला एकीकडचा तास संपवून सहाला दुसरीकडे पोचणं जमतं, पण मधे निवांत जेवण होत नाही.

आता भाषा. पुण्यात किंवा मुंबईत आलियाँस फ्रान्सेजमधून फ्रेंचची बी-टू पातळी झाली असेल तर पाया चांगला आहे. मात्र पुस्तकी मराठी शिकून आलेल्या माणसाला थेट चंदगडच्या बाजारात उभं केलं तर जे होईल, ते पहिल्या आठवड्यात तुमचं होणार. ‘ज स्वी’चं (‘मी आहे’चं) ‘श्यू’ होतं, दर दुसऱ्या वाक्यात ‘त्से’ (‘माहितीये ना’) येतं आणि ‘दिने’ म्हणजे दुपारचं जेवण. बहुतेक प्राध्यापकांना विद्यार्थी ‘त्यू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात, त्यात उद्धटपणा नाही. निघण्याआधी तीन महिने रोज तासभर रेडिओ-कॅनडाची ‘इसी प्रमिएर’ वाहिनी ऐका. तेवढ्यानं कान तयार होतो. ‘तीस दिवसांत क्वेबेकी फ्रेंच’ छापाच्या वर्गांवर पैसे घालवू नका, आणि निबंध इंग्रजीत लिहून यंत्राकडून फ्रेंच करून घेण्याची वाट तर धरूच नका. भाषेच्या चुकांचे गुण किती कापणार ते अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं. चुका दुरुस्त करायला ‘आंतिदोत’ हे इथलंच सॉफ्टवेअर उत्तम आहे. पण वाक्य तुमचं नसेल तर प्रकरण नियम क्रमांक १८ खाली जाऊ शकतं. शैक्षणिक गैरवर्तनाचा हा नियम इथे फार गांभीर्यानं घेतला जातो.

ज्यात आपली मुलं हमखास अडकतात, तो सापळा वेगळाच आहे आणि त्याचा भाषेशी फार संबंध नाही.

आपल्याकडे अभ्यासक्रम वरून येतो, परीक्षा वरून येते, गुणांची विभागणी वरून येते. विद्यार्थ्यानं शेवटच्या महिन्यात जोर लावायचा. यूकाममध्ये प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन आठवड्यांत, शिक्षक आणि वर्ग यांच्यात मूल्यमापनाचा करार होतो. त्याला ‘आंतांत देव्हाल्युआस्यों’ म्हणतात. किती कामं, प्रत्येकाला किती टक्के, कोणत्या तारखेला द्यायचं, हे त्यात ठरतं. शिक्षक प्रस्ताव मांडतात, वर्ग बोलतो, मग शिक्षकासोबत वर्गातले दोन सज्ञान विद्यार्थी सही करतात. ही सही दाखवण्यापुरती नाही. एकदा झाली की शिक्षकाला मनात आलं म्हणून टक्के बदलता येत नाहीत, आणि तुम्हालाही नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

नवखा विद्यार्थी नेमका याच दोन आठवड्यांत गप्प असतो. कान बसलेला नसतो, व्हिसा उशिरा आल्यामुळे पहिला तास बुडालेला असतो, आणि शिक्षकासमोर तारखेबद्दल बोलणं आगाऊपणाचं वाटतं. तो आगाऊपणा नाही. तुमचे तीन विषय एकाच आठवड्यात लेखी काम मागत असतील तर ‘ही तारीख एक आठवडा पुढे नेता येईल का?’ हे विचारायची जागा हीच. वाक्य आदल्या रात्री लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. कुणी हसत नाही.

या कराराला मर्यादाही आहेत. परीक्षा असेल तर तिला एकूण गुणांत पन्नास टक्क्यांहून जास्त वजन देता येत नाही. सगळे गुण एकाच मोठ्या कामावर असतील तर ते टप्प्याटप्प्यानं तपासावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कामं अनेक असतील तर निदान एकाचा निकाल, विषय नापास न होता सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी तुमच्या हातात यायलाच हवा.

ही तारीख नीट समजून घ्या, कारण तारखा दोन असतात. शरद सत्रात पहिली सप्टेंबरमध्ये येते. तोवर विषय रद्द केला तर त्याची फी लागत नाही आणि गुणपत्रिकेत त्याचा मागमूस राहत नाही. दुसरी नोव्हेंबरमध्ये. तोवर सोडलात तर फी जाते, पण नापासचा शेरा बसत नाही. त्यानंतर सुटका नाही. नेमका दिवस दर वर्षीच्या कॅलेंडरमध्ये बघा आणि भिंतीवर लिहा. आणखी एक, आणि हे मी दोनदा सांगणार: वर्गाला जाणं बंद करणं म्हणजे विषय सोडणं नव्हे. विषय सोडणं म्हणजे स्वतः विद्यार्थी-पोर्टलवर जाऊन सोडणं. न सोडता गायब झालात तर ‘ई’ मिळते. इथे ‘ई’ म्हणजे नापास, आणि ४.३ पैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरीत ती शून्य म्हणून धरली जाते. गायब होऊ नका, पोर्टलवर जा.

सापळ्याचं दुसरं दार इथेच आहे. पदवीला पूर्णवेळ म्हणजे सत्राला बारा क्रेडिट, तीन क्रेडिटचे चार विषय. चारच घेतले आणि एक सोडला की नऊ उरतात आणि तुम्ही अर्धवेळ ठरता. सत्र सुरू असताना विद्यापीठाबाहेर काम करायची मुभा पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच असते, फक्त शेवटच्या सत्राला सवलत आहे. म्हणून सोडण्याचं बटण दाबण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात जाऊन विचारा.

मग सुरक्षित म्हणून पाच विषय घ्यावेत का? हिशेब करून बघा. एक क्रेडिट म्हणजे एकूण पंचेचाळीस तासांचं काम. तीन क्रेडिटच्या विषयाला पंधरा आठवड्यांत एकशे पस्तीस तास, म्हणजे आठवड्याला नऊ: तीन वर्गात, सहा घरी. चार विषय म्हणजे छत्तीस तास, पाच म्हणजे पंचेचाळीस. त्यावर आठवड्याला परवानगीचे चोवीस तास नोकरी केली तर आठवडा एकोणसत्तर तासांचा होतो, तेही परक्या भाषेत. पहिल्या सत्राला चारच घ्या, आणि नोकरी बारा तासांच्या आत ठेवा. नव्वद क्रेडिटची पदवी थोडी लांबली तरी चालेल. उन्हाळी सत्रही असतं.

पैशांबद्दल एकच इशारा. इंटरनेटवर दिसणारी स्वस्त फी बहुधा क्वेबेकवासीयांची किंवा फ्रान्स आणि फ्रेंच भाषक बेल्जियमच्या विद्यार्थ्यांची असते. भारतीय विद्यार्थ्याला परदेशी दर लागतो. त्यातून सूट मिळू शकते, पण जागा मोजक्या असतात आणि ती मिळेलच असं धरून कर्ज ठरवू नये. क्वेबेकचा आरोग्य विमाही आपल्याला लागू नाही, विद्यापीठामार्फतचा विमा घ्यावाच लागतो. कागदांत आधी क्वेबेकचं स्वीकृतीपत्र, मग कॅनडाच्या केंद्र सरकारचा स्टडी परमिट, हा क्रम मोडत नाही. ‘पदवी घेतली की क्वेबेकमध्ये कायम राहता येतं’ असं जुन्या व्हिडिओच्या आधारे सांगणारा एजंट भेटला तर उठून या. ज्या योजनेच्या जोरावर ते सांगितलं जायचं, ती क्वेबेक सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद केली.

संपाचंही माहीत असू द्या. इथल्या विद्यार्थी संघटना सभा घेऊन मतदानानं संप पुकारतात. २०१२ च्या वसंतात फीवाढीविरुद्धच्या आंदोलनात यूकाम आघाडीवर होतं आणि सत्र विस्कळीत झालं. सभेला जा, मत द्या, तो तुमचाही हक्क आहे. फक्त घरी परतायचं तिकीट सत्र संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका.

मार्गदर्शक म्हणून समाजमाध्यमांवरचे ‘दादा-ताई’ शोधत बसण्यापेक्षा दोन माणसं गाठा: तुमच्या अभ्यासक्रमाच्या कार्यालयातली कर्मचारी आणि वर्गातला एक क्वेबेकी सोबती. पहिलीला नियम पाठ असतात. दुसऱ्याकडून टिपणं मिळतात, आणि करारावर सही करायला कुणी पुढे यावं असं शिक्षक विचारतात तेव्हा त्याच्यासोबत हात वर करता येतो. सही करणाऱ्याला करार वाचावाच लागतो.