बॉक्सिंगच्या स्पारिंगआधी (जोडीदाराशी सराव-लढतीआधी) हात बांधताना

४.५ मीटरची पट्टी घ्या; आखूड पट्टी मोठ्या हाताला पुरत नाही. बोटं फाकवून बांधा: मनगटाला ३ वेढे, पंज्याला ३, मग बोटांच्या फटींतून एकेक फेरा, उरलेली पुन्हा मनगटावर. बोटं सैल सोडून बांधलीत तर मूठ वळताच पट्टी आवळते. मुंग्या आल्या की सोडून पुन्हा बांधा, कंटाळा करू नका.

स्पारिंगला १६ औंसांचे वेगळे ग्लोव्ज ठेवा. पंचिंग बॅगवर वापरलेल्यांचं पॅडिंग दबलेलं असतं. माउथगार्ड हवाच. हेडगार्डमुळे भुवई फुटायची वाचते, पण मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही, म्हणून ठोशाचा जोर जोडीदाराशी आधीच ठरवा. गरगरलं किंवा मळमळलं तर तिथंच थांबा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुन्हा स्पारिंग नाही.