राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या मुलाखतीची तयारी

देहरादून येथे 1922 साली स्थापन झालेल्या या शाळेत आठवीसाठी प्रवेश मिळतो आणि 2022 पासून मुलींनाही संधी मिळू लागली आहे. इंग्रजी, गणित व सामान्यज्ञान यांची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर 50 गुणांची तोंडी परीक्षा होते, तिच्यातही निम्मे गुण आवश्यक असतात. म्हणूनच लेखी निकालाची वाट पाहत बसू नये.

सुरुवात आपल्या गावापासून करावी. नागपूरच्या मुलाला सीताबर्डीच्या किल्ल्याजवळ 1817 मध्ये कोणाची लढाई झाली, कामठीत कोणत्या रेजिमेंटचे केंद्र आहे, वायुसेनानगरात वायुदलाच्या कोणत्या कमांडचे मुख्यालय आहे, हे ठाऊक असावे. मात्र उत्तरे पाठ करून घेऊ नयेत, कारण पाठांतर पुढच्याच उपप्रश्नाला उघडे पडते. त्याऐवजी एखाद्या रविवारी मुलाला कामठीला न्यावे आणि परतल्यावर पाहिलेले आजोबांना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. जे डोळ्यांनी पाहिले, ते बोलताना मूल अडखळत नाही, असा माझा अनुभव आहे.

‘तुला सैन्यात का जायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाचेच असू द्यावे, मग ते साधे असले तरी चालेल. छंद सांगायचा तर खराखुरा सांगावा. उत्तर येत नसेल, तर ‘सर, मला माहीत नाही’ असे नजर न चुकवता म्हणण्याचा सराव घरीच करून घ्यावा.