डिटेक्टर घेताय? पिनपॉइंटरचे पैसे आधी बाजूला काढा

इंग्लंडमध्ये गव्हाची कापणी उरकली आणि पुढची पेरणी अजून व्हायची आहे, असे मधले थोडेच आठवडे शेतं मोकळी असतात. त्या मुहूर्तावर आमच्या मराठी मंडळींपैकी दोघा-तिघांना शेतात गाडलेली जुनी नाणी शोधायच्या हौसेसाठी मेटल डिटेक्टर घ्यायचाय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: मायनलॅब, गॅरेट, नोक्ता की एक्सपी? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून लिहून टाकतोय.

ब्रँड राहू दे बाजूला. आधी कागदावर एकूण खर्चाचा आकडा लिहा आणि त्यातून पिनपॉइंटरचे सव्वाशे-दीडशे पौंड वजा करा. यंत्राचे फोटो बघण्याआधी वजा करा. जे उरेल ते यंत्राचं बजेट. मागच्या खेपेला माझं हेच राहिलं होतं, सगळे पैसे यंत्रात गेले होते, म्हणून यादीत हे पहिलं.

पिनपॉइंटर म्हणजे हातात मावणारी, गाजराएवढी कांडी. टोक धातूजवळ गेलं की गुरगुरते, थरथरते, आणि जितकं जवळ तितकी जोरात. दिसायला खेळणं वाटतं आणि म्हणूनच लोक ते "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणतात. आता शेतात काय होतं ते ऐका. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची थाळी, दहा-अकरा इंचांची. ती सांगते की इथे खाली काहीतरी आहे. तुम्ही खणता, चिकणमातीचं मोठं ढेकूळ बाहेर येतं. वस्तू ढेकळात आहे, खड्ड्याच्या तळाशी आहे की कडेच्या मातीत, हे कॉइल नेमकं सांगू शकत नाही. मग मूठभर माती घ्या, कॉइलवरून फिरवा, आवाज नाही, टाका, दुसरी मूठ घ्या. त्याआधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, नाहीतर तीच वाजत राहतील. पाऊस सुरू झालेला, बोटं बधिर झालेली. आणि शोधताय काय? मध्ययुगात इथे सुट्या पैशांसाठी चांदीची पेनीच कापून अर्धी किंवा पाव करत. १२७९-८० मध्ये पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग (म्हणजे पाव पेनी) आणि गोल अर्धी पेनी पाडायला घेतली, तोवर व्यवहार बराचसा अशाच तुकड्यांवर चाले. पाव तुकडा म्हणजे करंगळीच्या नखाएवढा, कागदासारखा पातळ, आणि ओल्या मातीत मातीच्याच रंगाचा. डोळ्यांनी तो सापडत नाही. मूठ रिकामी समजून तुम्ही तोच फेकून देता.

शिवाय पिनपॉइंटर नसला की खड्डा मोठा होतो. कुरणात मोठा खड्डा दिसला की शेतकरी पुढच्या वेळी फोन उचलत नाही. हजार पौंडांचं यंत्र घेतलंत आणि ते फिरवायला जमीनच उरली नाही, तर काय करणार?

आणखी एक. पिनपॉइंटर यंत्राच्याच कंपनीचा हवा, असं मुळीच नाही. गॅरेटचा नारिंगी प्रो-पॉइंटर एटी, ज्याला सगळे कॅरटच म्हणतात, तो मायनलॅबच्या कट्टर भक्तांच्याही कमरेला लटकलेला दिसेल. यंत्राशी वायरलेस जोडणी हवी असेल तरच कंपनी जुळवावी लागते, जसा एक्सपीचा एमआय-६ हा पिनपॉइंटर त्यांच्या ड्यूस यंत्राला जोडता येतो. ती चैन आहे. कॅरटला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, एक जादा ठेवा. नारिंगी रंगच घ्या, काळा पिनपॉइंटर नांगरलेल्या शेतात खाली ठेवला की गेला.

आता ब्रँडबद्दल, कारण त्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. मायनलॅब ऑस्ट्रेलियाची, गॅरेट टेक्ससची आणि १९६४ पासूनची, एक्सपी फ्रान्सची, नोक्ता तुर्कस्तानची, सी-स्कोप इथलीच, केंटमधली. प्रत्येकीचे भक्त आहेत आणि क्लबच्या खोदाईत चहाच्या वेळी त्यांची भांडणं ऐकण्यासारखी असतात. पण या निष्ठेच्या मुळाशी यंत्राचा दर्जा जितका असतो त्याहून जास्त सवय असते. खाली कुठला धातू असावा हे सुचवणारा जो आकडा पडद्यावर येतो, तो प्रत्येकाचा वेगळा. गॅरेटच्या एस (Ace) यंत्राचा आकडा ९९ पर्यंत जातो, मायनलॅबच्या पहिल्या इक्विनॉक्सचा ४० वर संपतो, नोक्ता लीजेंडचा ६० वर. एका यंत्रावर वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाच्या कानात ते सूर बसलेले असतात. कुठला खरखरता आवाज म्हणजे गंजका खिळा आणि कुठला म्हणजे खिळ्याशेजारी दडलेलं नाणं, हे त्याला न बघता कळतं. कंपनी बदलली की हे सगळं पुन्हा पहिलीपासून. म्हणून तो बदलत नाही आणि तुम्हालाही त्याचीच कंपनी घ्यायला सांगतो. त्याचं बरोबर आहे, पण त्याच्यापुरतं. तुमच्या कानात अजून कुठलेच सूर नाहीत.

दुसरं कारण पैशाचं. एका कंपनीची कॉइल दुसरीच्या यंत्राला बसत नाही, आणि बऱ्याचदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही नाही. मायनलॅबच्याच व्हँक्विशची कॉइल इक्विनॉक्सला चालत नाही. हेडफोनचंही तसंच. साधे ब्लूटूथ हेडफोन लावलेत तर आवाज उशिरा येतो, तोवर कॉइल पुढे सरकलेली असते आणि तुम्ही भलत्याच जागी खणता. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापला जलद वायरलेस काढलाय, आणि तो दुसऱ्याकडे सहसा चालत नाही. जादा कॉइल आणि वायरलेस हेडफोन एकदा घेतले की माणूस त्या कंपनीत अडकला, मग त्या अडकण्यालाच तो निष्ठा म्हणतो. म्हणून पहिल्या वर्षी जादा कॉइल घेऊ नका. हेडफोन वायरचे चालतील.

बजेटचे ढोबळ तीन मजले धरा. दोनशे ते तीनशे पौंडांत मायनलॅबची व्हँक्विश मालिका, गॅरेटची एस मालिका आणि नोक्ताची सिंप्लेक्स. पाचशे-सहाशेच्या आसपास लीजेंड. हजाराकडे आणि त्यापुढे वरची इक्विनॉक्स, मँटिकोर, एक्सपीचं ड्यूस दोन. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीच्या लहरी जमिनीत सोडणं हा पूर्वी फक्त महागड्या यंत्रांचा मक्ता होता. २०१९ मध्ये व्हँक्विशने तो खालच्या मजल्यावर आणला, २०२२ मध्ये लीजेंडने पाण्यात बुडणारं तसं यंत्र मधल्या किमतीत दिलं, आणि तेव्हापासून "स्वस्त म्हणजे टाकाऊ" म्हणणाऱ्यांची पंचाईत झालीय.

पण तुम्हाला ते लागतं का, हे जागेवर ठरतं. समुद्रकिनाऱ्यावरची ओली खारी वाळू एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला वेड लावते, नुसतं वाजत राहतं. तिथे अनेक फ्रिक्वेन्सी हवीच. आतल्या भागातल्या कुरणात आणि नांगरलेल्या शेतात तीनशेचं यंत्र व्यवस्थित काम करतं. जुन्या वस्तीच्या जागी जिथे हातभर अंतरात दहा खिळे असतात, तिथे मात्र महागडं यंत्र एका खिळ्याच्या आवाजातून पटकन सावरतं आणि खिळ्याशेजारचं नाणं सोडवून दाखवतं. पैसे मोजायचे ते यासाठी. खोलीसाठी मोजू नका, जाहिरातीत सगळ्यात जास्त खोलीच विकतात, पण नाण्याएवढ्या वस्तूवर स्वस्त-महागातला फरक फारसा नसतो.

हॅमर्ड, म्हणजे हातोड्याने ठोकून पाडलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचे बारके तुकडे कमी आकड्यावर येतात, तिथेच चॉकलेटची चांदीही येते आणि जरा वर डब्यांच्या रिंगपुल. सोन्याची अंगठीही त्याच घोळक्यात. म्हणजे आकडा बघून "हे कचरा आहे, सोडा" म्हणालात तर अंगठीही सोडलीत. भरपूर खणावं लागतं. आणि भरपूर खणायचं म्हणजे प्रत्येक खड्डा झटपट आटोपला पाहिजे, आणि तो कशाने आटोपतो? पिनपॉइंटरने. तीनशेचं यंत्र अधिक पिनपॉइंटर हे चारशे-साडेचारशेच्या नुसत्या यंत्रापेक्षा संध्याकाळी पिशवीत जास्त काही आणतं. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने एक दिवस माझ्याबरोबर एसेक्सच्या चिकणमातीत यावं.

महागाचा मोह अजून सुटत नसेल तर दोन नावं ऐका. १९९२ च्या नोव्हेंबरात सफकमध्ये होक्सन गावी एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. निवृत्तीची भेट म्हणून मिळालेला डिटेक्टर घेऊन. सापडली जवळपास पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियमकडे गेला. २००९ मध्ये स्टॅफर्डशरला टेरी हर्बर्टना अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा मिळाला, किंमत ठरली सुमारे ३३ लाख पौंड, आणि त्यांच्या हातातलं यंत्र चांगलंच जुनं होतं. दोघांकडे होती ती शेतकऱ्याची परवानगी. आणि लॉज यांनी आणखी एक केलं: थोडं काढल्यावर हात थांबवला आणि कळवलं, त्यामुळे तज्ज्ञांना तो साठा जागच्या जागी, रचनेसकट उकरता आला.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करा. गॅरेट आणि मायनलॅबची नकली यंत्रं बाजारात आहेत, आणि नकली पिनपॉइंटर तर ढिगाने. कॅरट निम्म्या किमतीत दिसला की समजा तो कॅरट नाही. पिनपॉइंटरमध्ये पैसे वाचवायला गेलात आणि नकली उचललात, तर तो न घेतल्यातच जमा. जुनं यंत्र घ्यायला हरकत नाही, उलट पहिल्यासाठी तेच घ्या म्हणेन, कारण हौस धरणारे जितके तितकेच सोडणारे. मात्र मूळ बिल आणि सीरियल नंबर बघा, समोर चालू करून नाण्यावर फिरवून बघा, कॉइलची वायर मुळाशी चिरलेली नाही ना ते बघा. परदेशातून मागवण्यात फायदा नाही, कर भरून शिवाय दुरुस्तीला यंत्र तिकडेच पाठवायचं.

परवानगी लेखी घ्या. सापडलेल्याची वाटणी कशी, तेही त्याच कागदावर. इंग्लंडमध्ये प्रत्येक जमिनीला मालक आहे, "मोकळी जागा" नावाचा प्रकार नाही. संरक्षित स्मारकाच्या जागेवर विनासंमती डिटेक्टर फिरवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, मालकाने हो म्हटलं तरीही. जागा तशी आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या यादीत आधी बघता येतं. थेम्सच्या काठावर वेगळा परवाना लागतो. विमा एनसीएमडी या डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सभासदत्वात येतो, घ्या.

१९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट वाचा, निदान एवढं लक्षात ठेवा: तीनशे वर्षांपेक्षा जुनी आणि निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली, नाण्याखेरीजची वस्तू, किंवा एकाच ठिकाणी सोन्या-चांदीची दोन तशी जुनी नाणी, म्हणजे ट्रेझर. लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कळवायचं. २०२३ मध्ये व्याख्या वाढवली, दोनशे वर्षांपेक्षा जुनी असाधारण महत्त्वाची धातूची वस्तूही आता त्यात येते. एकटं नाणं ट्रेझर नसलं तरी आपल्या भागाच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. जागा नोंदवताना फोनवरचा नकाशा-संदर्भ लिहून ठेवा, घरी आल्यावर आठवत नाही.

आणि हौस चढली म्हणून सुटीत यंत्र गावी नेऊ नका. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे, दहा रुपयांवरच्या गाडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मावशीच्या वाड्यामागे पुरलेला हंडा आहे असं कोण म्हणतं, त्याला म्हणू द्या. गडकिल्ल्यांवर तर विचारसुद्धा नको.

राहिलेलं भराभर सांगतो. छोटं, मजबूत स्टेनलेस स्टीलचं फावडं, बागकामाच्या दुकानातली खुरपी चिकणमातीत वाकते. गुडघ्याचं पॅड. दोन पिशव्या, एक वस्तूंसाठी आणि एक कचऱ्यासाठी, कचरा शेतात परत टाकायचा नाही. नाण्यांसाठी छोटी डबी, आत कापूस. नाणं शेतात बोटांनी चोळायचं नाही, घासलं की किंमत गेली. ग्रीन वेस्टचं, म्हणजे बागेच्या कचऱ्याचं खत टाकलेलं शेत असेल तर परत फिरा, सगळीकडे चॉकलेटच्या चांदीसारखे कपटे वाजतात. यंत्र रात्री चार्ज करा. एक्सपी असेल तर कॉइल, रिमोट आणि हेडफोन तिन्ही वेगवेगळं चार्ज करावं लागतं. गमबूट, पाणी, टिटॅनसची सुई घेतलेली असावी. पिनपॉइंटर दोरीने कमरेला बांधा. प्रत्येक खड्डा बुजवा, गवताचा तुकडा जागेवर दाबा. गुरांच्या कुरणाचं फाटक जसं होतं तसं लावा. निघताना शेतकऱ्याला काय सापडलं ते दाखवा, बटणं आणि शिशाच्या गोळ्याच असल्या तरी.