मॅकल्सफील्डमध्ये विणकरांची जुनी घरे कशी ओळखावीत

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील मॅकल्सफील्ड या रेशमाच्या शहरात विणकरांची जुनी घरे शोधायची असतील, तर आधी पॅराडाइज मिल पाहून घ्यावी. १८६२ साली बांधलेल्या या गिरणीच्या वरच्या मजल्यावर २६ जॅकार्ड हातमाग (छिद्रांच्या पुठ्ठ्यांनुसार नक्षी विणणारे माग) आजही उभे आहेत आणि येथील हातमाग १९८१ पर्यंत चालत होते. मागाजवळ उभे राहून मान वर केली की छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी आणि मागाच्या डोक्यावर बसवलेले यंत्र दिसते. अशा मागाला छत किती उंच लागते, हे वाचून कळण्यापेक्षा पाहून लवकर कळते.

त्यानंतर रस्त्यावर यावे आणि विटांची तीन मजली, एकमेकांना चिकटलेली घरे पाहावीत. खालच्या दोन मजल्यांवर संसार आणि माळ्यावर माग, अशी ही विभागणी होती. त्यामुळे लक्ष ठेवायचे ते सर्वांत वरच्या मजल्यावर: तेथील खिडकी खालच्या खिडक्यांपेक्षा रुंद आणि आडवी असते, कारण ताण्यातील, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतील, तुटलेला बारीक धागा वेळीच दिसण्यासाठी भरपूर उजेड लागे. (लँकेशायर परगण्यात सुती विणकराचे माग अनेकदा तळघरात असत, कारण तेथील ओलाव्यात सुती धागा कमी तुटे; तेव्हा हीच खूण तेथे शोधू नये.)

खिडकी आज लहान दिसली म्हणून घर लगेच बाद करू नये. माग गेल्यावर अनेक खिडक्या अर्ध्या बुजवल्या गेल्या. अशा ठिकाणी खिडकीखालचा दगडी पट्टा आजच्या चौकटीपलीकडे लांबलेला आढळतो आणि भरावाच्या विटांचा रंग आजूबाजूच्या विटांशी जुळत नाही. माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा पुरावा. घराची मागची बाजूही सार्वजनिक गल्लीतून दिसत असेल, तर जरूर पाहावी. छपरातून बाहेर आलेली छोटी खिडकी मात्र पुरेशी खूण नव्हे.

घर कोणत्या काळातले याचा अंदाज बांधताना, येथील रेशीम धंद्याला आधार देणारी परदेशी रेशमी कापडावरील ब्रिटनमधील बंदी १७६६ ते १८२६ या काळात होती आणि १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या करारानंतर आयात शुल्कही गेले, हे लक्षात ठेवावे. शेवटी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या संरक्षित इमारतींच्या यादीत रस्त्याचे नाव शोधून आपला तर्क नोंदीशी ताडून पाहावा.