घरच्या मीडिया सर्व्हरमधील हार्ड डिस्क आणि ऑप्टिकल ड्राइव्ह: दोष शोधताना

चित्रपट मध्येच अडखळू लागला, फोल्डर उघडायला मिनिटभर लागू लागले किंवा कालपर्यंत दिसणारी डिस्क आज दिसेनाशी झाली, की बहुतेकांचा हात लगेच दुरुस्तीच्या आज्ञेकडे जातो. तो तिथेच आवरावा. फाइल सिस्टीमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे हे सांभाळणाऱ्या रचनेची, दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणे, आणि डिस्क खरोखरच निकामी होत चालली असेल तर प्रत्येक लेखनासरशी तिच्यावरचा मजकूर परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून आधी वाचावे, मग प्रत काढावी आणि लिहिण्याचे काम सर्वांत शेवटी करावे, हा क्रम मी कोणत्याही कारणाने मोडत नाही.

वाचण्याची सुरुवात कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगपासून करावी. लिनक्सवर डीमेसेज (dmesg) ही आज्ञा दिली की डिस्कशी संपर्क तुटल्याच्या, लिंक पुन्हा जोडल्याच्या किंवा सेक्टर (डिस्कवरचा साठवणुकीचा छोटा कप्पा) वाचता न आल्याच्या ओळी दिसतात. त्यानंतर स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कची स्वतःची नोंद पाहावी. डिस्क यूएसबी खोक्यातून जोडलेली असून माहिती येत नसेल, तर उपकरणाचा प्रकार ‘सॅट’ असा सांगून पाहावे. ‘एकूण प्रकृती उत्तम’ या शेऱ्यावर विसंबू नये, कारण तो शेरा कायम असतानाही डिस्क बंद पडू शकते. त्याऐवजी चार आकडे पाहावेत. क्रमांक 5 म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, 197 म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, 198 म्हणजे तपासणीत अजिबात न वाचता आलेले सेक्टर आणि 199 म्हणजे डिस्क व संगणक यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेली देवाणघेवाण.

यांतला 199 हा आकडा अनेक चांगल्या डिस्कांना कचऱ्यात जाण्यापासून वाचवतो. तो वाढत असेल आणि बाकीचे तिन्ही शून्यावर असतील, तर दोष बहुधा साटा केबलचा (डिस्क संगणकाला जोडणाऱ्या तारेचा), पोर्टचा किंवा सैल बसलेल्या जोडाचा असतो. माझ्याकडची एक डिस्क दर दोन-तीन दिवसांनी गायब होत असे आणि मी नवी घेण्याच्या बेतात होतो. केबल बदलली आणि तो आकडा जिथे होता तिथेच थांबला. तो शून्यावर परत येत नाही, त्यामुळे बदल करण्यापूर्वी लिहून ठेवावा आणि आठवडाभराने पुन्हा पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला हे कधीच कळणार नाही.

नवी डिस्क फिरतच नसेल तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. काही नव्या डिस्कांमध्ये साटाच्या वीजजोडातील तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते, आणि जुने वीजपुरवठे तिथे नेमका तोच दाब देतात. अशी डिस्क खोक्यात घातली की चालते आणि संगणकात लावली की मुकी होते. त्या पिनवर उष्णता सोसणारी चिकटपट्टी नेमकेपणाने लावली की काम होते. मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या वीजजोडाचे) अडॅप्टर वापरूनही हे साधते; मात्र ज्यांचा जोड साच्यात ओतलेला असतो असे स्वस्त अडॅप्टर वितळून पेटल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ते टाळावेत.

197 किंवा 198 वाढत असेल तर सर्व्हर थांबवून ताबडतोब प्रत काढावी. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते. डीडीरेस्क्यू ही खराब डिस्कची प्रत काढणारी आज्ञा आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड भाग नंतरसाठी ठेवते आणि कुठवर आलो हे मॅप फाइलमध्ये नोंदवते. एफएससीके ही फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी आज्ञा चालवायचीच असेल तर ती त्या प्रतीवर चालवावी, आणि माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी फोल्डरला जोडलेल्या, फाइल सिस्टीमवर तर कधीच नाही.

कधीकधी डिस्क निरोगी असते, पण माउंट झालेली नसते. तेव्हा माउंटचा फोल्डर रिकामा असतो, रेकॉर्डिंग त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात सिस्टीमच्या डिस्कवर, साठत राहते आणि ती डिस्क भरली की सगळा सर्व्हर लटकतो. खरी डिस्क पुन्हा माउंट केल्यावर त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात आणि जागा कुठे गेली ते समजत नाही. डिस्क अनमाउंट करून पाहिले की त्या सापडतात. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचे याच्या यादीत) डिस्कांची एसडीए, एसडीबी ही नावे लिहू नयेत, कारण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती बदलू शकतात; यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक लिहावा. प्लेक्स हा मीडिया सर्व्हरचा प्रोग्रॅम वापरत असाल तर स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करण्याची सोय बंद ठेवावी, म्हणजे डिस्क तात्पुरती दिसली नाही तरी संग्रहाच्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत.

ऑप्टिकल ड्राइव्हचे निदान त्यामानाने सोपे आहे. ड्राइव्ह दिसते पण प्रोग्रॅम ती उघडू शकत नाही, तेव्हा तो ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला सीडीरॉम गटात घेतले आहे का ते पाहावे. डीव्हीडी चालते पण सीडी चालत नाही, असे झाले तर गोंधळून जाऊ नये: सीडीसाठी 780, डीव्हीडीसाठी 650 आणि ब्लू-रेसाठी 405 नॅनोमीटरचा लेसर लागतो, आणि त्यांतला एकच अशक्त झालेला असू शकतो. तबकडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. गोल ओरखडा एकाच मार्गावरचा लांबलचक भाग खाऊन टाकतो. सीडीचा मजकूर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे त्या बाजूचा खोल ओरखडा भरून निघत नाही.

डेटाच्या तबकडीतले काही सेक्टर एका ड्राइव्हवर वाचता आले नाहीत, तर आशा सोडू नये. डीडीरेस्क्यूला सेक्टरचा आकार 2048 बाइट सांगून प्रत काढावी, मग तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, तीच प्रत आणि तीच मॅप फाइल देऊन, खराब सेक्टर पुन्हा वाचून पाहण्याच्या -r या पर्यायासह, आज्ञा पुन्हा चालवावी. पहिल्या ड्राइव्हला न जमलेले सेक्टर तेवढेच मागितले जातात आणि दुसरी ड्राइव्ह त्यांतले पुष्कळ वाचून देऊ शकते.